नुसतं चिकटलं की खरंच बसलं? न्यूरोपेप्टाइडला धरणारी प्रथिनं ओळखण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेप्टाइड घातलं की पेशीत कॅल्शियम उसळतं, परिणाम डोळ्यांना दिसतो, पण ते पेप्टाइड नेमकं कुठल्या प्रथिनावर जाऊन बसतं हे कळत नाही. अशा वेळी ते प्रथिन शोधायला निघालेल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं बेंचवर काम करणाऱ्याची आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचा.

न्यूरोपेप्टाइड म्हणजे नेमकं काय?

मज्जापेशी संदेश देण्यासाठी जी अमिनो आम्लांची छोटी साखळी बाहेर सोडतात, ती. छोटी म्हणजे किती? टीआरएचमध्ये 3 अमिनो आम्लं, एन्केफॅलिनमध्ये 5, ऑक्सिटोसिनमध्ये 9, सबस्टन्स पीमध्ये 11, न्यूरोपेप्टाइड वायमध्ये 36 आणि सीआरएफमध्ये 41. आधी एक लांबलचक पूर्वप्रथिन बनतं, ते ठरावीक जागी कापलं जातं आणि निघालेल्या तुकड्याच्या सी-टोकाला (साखळीच्या शेवटच्या टोकाला; सुरुवातीचं ते एन-टोक) बऱ्याचदा अमाइड बसवला जातो. हा अमाइड लक्षात ठेवा, पुढे तो रडवतो.

ग्लुटामेटसारखे नेहमीचे संदेशवाहक सिनॅप्सच्या अरुंद फटीत दाटीने ओतले जातात. न्यूरोपेप्टाइड त्या मानाने अगदी थोडं सुटतं आणि लांबवर पसरतं, म्हणून त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला धरून पेशीला संदेश देणारं प्रथिन, नॅनोमोलर इतक्या अतिशय कमी पातळीवरही त्याला ओळखतो. शोधाची सगळी आशा या घट्ट पकडीवरच टेकलेली असते.

रिसेप्टर शोधायला खरंच इतका वेळ लागतो का?

सबस्टन्स पीचं उदाहरण घ्या. युल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी 1931 साली घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात त्याचा परिणाम पाहिला. त्याचा अमिनो आम्लांचा क्रम हाती आला तो थेट 1971 साली, आणि रिसेप्टरचा जनुक 1989 साली. म्हणजे परिणामापासून प्रथिनापर्यंत 58 वर्षं.

कधी वरात उलट्या दिशेने निघते. अफूजन्य औषधं मेंदूत कुठेतरी ठरावीक जागी बसतात हे 1973 साली तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. ती जागा शरीराने मुळात कुणासाठी ठेवली आहे, याचं उत्तर 1975 साली जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना एन्केफॅलिनच्या रूपाने मिळालं. रिसेप्टरच्या जनुकाला मात्र 1992 उजाडलं. आज साधनं खूप पुढे गेली आहेत, पण अडचणीचा स्वभाव तोच आहे.

"बांधणारं प्रथिन" म्हणजे रिसेप्टरच ना?

नाही, आणि हा गैरसमज पहिल्याच दिवशी काढून टाकलेला बरा. बहुतेक न्यूरोपेप्टाइडांचे रिसेप्टर जीपीसीआर कुळातले, म्हणजे पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणारे असतात हे खरं. पण पेप्टाइडला धरणारे इतरही बरेच आहेत.

ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन यांना साठवणुकीच्या कणांमध्ये न्यूरोफायसिन नावाचं प्रथिन धरून ठेवतं. ते त्याच पूर्वप्रथिनाचा दुसरा तुकडा असतं. सीआरएफला धरणारं साधारण 37 किलोडाल्टनचं एक प्रथिन रक्तात आणि मेंदूत सापडतं. ते संदेश पुढे देत नाही, सीआरएफला अडवून ठेवतं. नेप्रिलायसिन हे एन्झाइम एन्केफॅलिनला धरतं ते तोडण्यासाठी. न्यूरोटेन्सिनला धरणारं सॉर्टिलिन जीपीसीआर नाहीच, ते पेशीतल्या मालाची वाहतूक बघणारं प्रथिन आहे. गोगलगायीत तर एफएमआरएफ-अमाइड हे चार अमिनो आम्लांचं पेप्टाइड थेट सोडियमचा आयन चॅनेल उघडतं. त्या चॅनेलचा जनुक 1995 साली सापडला.

म्हणून तुमच्या यादीत एन्झाइम किंवा वाहक आला तर "हा तर रिसेप्टर नाही" म्हणून कचऱ्यात टाकू नका. तो रिसेप्टर नसेल, पण पेप्टाइड किती वेळ जगेल हे कदाचित तोच ठरवत असेल.

हे प्रथिन पकडणं इतकं अवघड का?

एकदा कागदावर आकडेमोड करा म्हणजे पटेल. समजा तुमच्या पटलाच्या नमुन्यात 1 मिलिग्रॅम प्रथिनामागे 100 फेम्टोमोल रिसेप्टर आहे. मेंदूच्या ऊतींसाठी हा आकडा अगदी रास्त आहे. रिसेप्टरचं वजन 50 किलोडाल्टन धरलं तर ते झाले 5 नॅनोग्रॅम. म्हणजे तुम्हाला हवं असलेलं प्रथिन 2 लाखांत 1 भाग आहे. उरलेले 1,99,999 भाग तुमच्या बीडवर, म्हणजे पेप्टाइड बसवलेल्या बारीक मण्यांवर, चिकटायला टपलेले असतात.

शिवाय ते पेशीपटलात रुतलेलं असतं. बाहेर काढायला डिटर्जंट लागतो, आणि डिटर्जंटने त्याचा आकार बिघडला की ते पेप्टाइडला ओळख देत नाही. मास स्पेक्ट्रोमीटरपर्यंत (तुकड्यांच्या वजनावरून प्रथिन ओळखणाऱ्या यंत्रापर्यंत) पोचलं तरी तिथे वेगळीच पंचाईत: प्रथिनं कापणारं एन्झाइम ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे कापतं, आणि पटलात बुडालेल्या भागांत ही दोन्ही कमी असतात. त्यामुळे जीपीसीआरचे मोजता येण्याजोगे तुकडे मोजकेच निघतात. दोन तुकडे दिसले तरी आनंद माना.

सुरुवात कुठून करू? थेट पुल-डाउन लावू का?

पुल-डाउन म्हणजे पेप्टाइड बसवलेले बीड नमुन्यात टाकून त्यांना धरणारी प्रथिनं ओढून काढणं. थेट नको. आधी बंध किती घट्ट आहे ते मोजा. रेडिओलेबल किंवा फ्लुओरोसंट पेप्टाइड घेऊन पटलांवर किंवा अख्ख्या पेशींवर सॅच्युरेशन प्रयोग (सगळ्या जागा भरेपर्यंत मात्रा वाढवत नेणं) करा आणि केडी काढा, म्हणजे निम्म्या जागा भरायला लागणारी मात्रा; ती जितकी कमी तितका बंध घट्ट. तो का हवा ते सांगतो.

दोन रेणू एकमेकांना भेटण्याचा वेग सेकंदाला दर मोलरमागे 10 लाख धरू. केडी 1 नॅनोमोलर असेल तर सुटण्याचा वेग सेकंदाला 0.001 येतो, म्हणजे निम्मे बंध सुटायला साडेअकरा मिनिटं लागतात. तुमचे पाच वॉश दहा मिनिटांत झाले तर निम्म्याहून जास्त माल हातात राहतो. आता केडी 100 नॅनोमोलर करा. निम्मे बंध 7 सेकंदांत सुटतात. 1 मायक्रोमोलर असेल तर पाऊण सेकंदसुद्धा लागत नाही. बीडवर पेप्टाइड दाटीने बसवलेलं असतं म्हणून सुटलेलं प्रथिन शेजारच्या पेप्टाइडवर पुन्हा बसतं आणि थोडी मदत होते, पण त्या भरवशावर राहू नका.

सारांश असा की 10 नॅनोमोलरपेक्षा सैल बंध असेल तर साध्या पुल-डाउनवर महिने घालवण्याआधी क्रॉसलिंकिंगचा, म्हणजे पेप्टाइड प्रथिनाला कायमचं जोडून टाकण्याचा, विचार करा. हा मोजणीचा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून बरेच जण टाळतात, आणि मग सहा महिन्यांनी हाच प्रयोग करायला परत येतात.

मोजताना पेशींचे चार-पाच प्रकारही तपासून घ्या. ज्या पेशीत जागा सर्वांत जास्त, तिथेच मासेमारी करायची. ज्या पेशीत त्या जागा अजिबात नाहीत ती आयती तुलनेला मिळते.

पेप्टाइडला टॅग कुठे लावू? बायोटिन एन-टोकाला लावला तर चालेल?

टॅग म्हणजे पेप्टाइडला लावलेली खूण; बायोटिन हा छोटा रेणू त्यासाठी वापरतात, कारण स्ट्रेप्टाव्हिडिन लावलेलं बीड त्याला घट्ट धरतं. पेप्टाइड कुठल्या बाजूने रिसेप्टरला भिडतं यावर ते अवलंबून. एन्केफॅलिनचं पहिलंच अमिनो आम्ल टायरोसिन आहे आणि त्याचा मोकळा अमिनो गट रिसेप्टरला हवाच असतो. तिथे बायोटिन लावणं म्हणजे किल्लीच्या दातांवर लाख ओतणं. आयोडीनचं लेबलही टायरोसिनवरच जाऊन बसतं, त्यामुळे पकड ढिली होते.

सबस्टन्स पीचं उलट. त्याचं कामाचं टोक सी-टोक आहे: फेनिलअ‍ॅलनिन, फेनिलअ‍ॅलनिन, ग्लायसिन, ल्युसिन, मेथिओनिन आणि त्यावर अमाइड. म्हणून लेबल एन-टोकाला किंवा तिसऱ्या जागेवरच्या लायसिनला लावतात. मधे थोडं लांब आणि पाण्यात रमणारं लिंकर (जोडणारा दुवा) ठेवा, म्हणजे बीड अंगावर येत नाही.

टॅग लावल्यावर तो रेणू अजून काम करतो का, हे तपासल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका. टॅगवालं पेप्टाइड कॅल्शियमचा प्रतिसाद मूळ पेप्टाइडच्या दहापट मात्रेच्या आत देत असेल तर चालवून घ्या. शंभरपट लागत असेल तर टॅगची जागा बदला.

आणि तो अमाइड! कृत्रिम पेप्टाइडची ऑर्डर देताना सी-टोक अमाइड हवं असं लिहायचं राहिलं तर मोकळं आम्लटोक येतं, आणि अनेक पेप्टाइडं तशी निरुपयोगी असतात. घ्रेलिनची गोष्ट आणखी बारीक. 28 अमिनो आम्लांच्या या पेप्टाइडच्या तिसऱ्या सेरिनवर आठ कार्बनचं मेदाम्ल चढलेलं असतं. क्रम अगदी बरोबर, पण ते मेदाम्ल नसेल तर नेहमीच्या मात्रेत रिसेप्टर ढिम्म हलत नाही.

पेप्टाइड ट्यूबलाच चिकटून बसतं असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, आणि नॅनोमोलर पातळीवर हा तोटा छोटा नसतो. पातळ द्रावणात थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घाला, लो-बाइंड ट्यूब वापरा, धन भार असलेली पेप्टाइडं काचेत ठेवू नका. फिल्टरवर मोजणी करणार असाल तर काचतंतूंचा फिल्टर आधी पॉलिइथिलिनइमिनमध्ये भिजवून घ्या, नाहीतर फिल्टरच तुमचा सर्वांत मोठा "रिसेप्टर" ठरतो. मास स्पेककडे जाणाऱ्या नमुन्यात मात्र बीएसए नको. तिथे ते सगळं झाकून टाकतं.

दुसरा चोर म्हणजे प्रोटिएझ, पेप्टाइडं तोडणारी एन्झाइमं. पटलांच्या नमुन्यात एन्केफॅलिन काही मिनिटांत तुकडे होऊन जातं. बेस्टॅटिन, थायोर्फन, फॉस्फोरॅमिडॉन या त्यांना अडवणाऱ्या रसायनांतलं काय लागेल ते पेप्टाइड बघून ठरवा. तासाभराच्या प्रयोगानंतर अख्खं पेप्टाइड किती उरलं हे एकदा तरी एचपीएलसीवर (रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) बघा. मेथिओनिन असलेलं पेप्टाइड हवेने ऑक्सिडाइझ होतं, म्हणून छोटे भाग करून गोठवा आणि वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका.

डिटर्जंट कोणता वापरू?

एकच उत्तर नाही. डिजिटोनिन, चॅप्स आणि कोलेस्टेरॉलचा जोड दिलेला डीडीएम हे तीन आधी करून बघा. ट्रायटनमध्ये प्रथिन भरपूर निघतं, पण बंध टिकेल याची खात्री नसते.

डिटर्जंटइतकंच मीठही महत्त्वाचं, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. न्यूरोपेप्टाइड हे रिसेप्टरला चालू करणारं लिगंड, म्हणजे त्यावर बसणारा रेणू, आहे. असं लिगंड जी-प्रथिन (रिसेप्टरचा संदेश पेशीत पुढे नेणारं प्रथिन) जोडलेल्या रिसेप्टरला घट्ट धरतं. सोडियम आणि जीटीपी ही पकड सैल करतात, मॅग्नेशियम ती राखतं. सवयीने 150 मिलिमोलर मीठ घातलेला बफर घेतलात तर बंध तुम्ही स्वतःच सोडवत असता. सोडियम कमी, मॅग्नेशियम थोडं, असा बफर एकदा वापरून बघा. आणखी एक: जेलवर चढवण्याआधी जीपीसीआरचा नमुना उकळू नका. त्याचे गोळे होतात आणि ते जेलच्या तोंडाशीच अडकतात. 37 अंशांवर अर्धा तास ठेवलं तरी पुरतं.

पुल-डाउन केलं आणि मास स्पेकच्या यादीत 800 प्रथिनं आली. आता काय?

अभिनंदन, सगळ्यांच्या यादीत तेवढीच येतात. या यादीला निकाल समजू नका, ती संशयितांची यादी आहे. इथे घाई झाली की चोर सोडून संन्याशाला सुळी ठरलेली.

मी स्वतः ही चूक केली आहे. तीन धन भारांचं एक पेप्टाइड बीडवर बसवलं होतं. यादीत सर्वांत वर न्यूक्लिओलिन आलं, सुंदर स्कोअर, भरपूर तुकडे. रिकाम्या बीडच्या तुलनेत चाळीसपट. मी पेशीपटलावरच्या न्यूक्लिओलिनबद्दलचे शोधनिबंध काढून वाचले, गटाच्या बैठकीत रंगवून सांगितलं. बैठकीत मागच्या बाकावरून एकाच वाक्यात प्रश्न आला: "क्रम विस्कटलेल्या पेप्टाइडवर काय येतं?" ते केलंच नव्हतं. केलं, आणि तिथेही न्यूक्लिओलिनच पहिलं, तितकंच. त्या प्रथिनाच्या एका टोकाला ऋण भाराचे लांब पट्टे आहेत. कुठलंही धन पेप्टाइड दिसलं की ते चिकटतं. पेप्टाइडचा क्रम त्याने वाचलाच नव्हता.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की रिकामं बीड ही तुलना मोजायचीच नाही. खऱ्या तुलना दोन. पहिली, तीच अमिनो आम्लं विस्कटलेल्या क्रमाने. भार तोच, वजन तेच, अर्थ नाही. दुसरी आणि जास्त कडक, स्पर्धा: बीड टाकण्याआधी लायसेटमध्ये (पेशी फोडून मिळालेल्या द्रावणात) टॅग नसलेलं पेप्टाइड शंभरपट घाला. जे खरंच बसतं ते मोकळ्या पेप्टाइडकडे जाईल आणि बीडवरून गायब होईल. जे नुसतं प्लास्टिकला, बीडला किंवा बायोटिनच्या लिंकरला चिकटतं ते जागचं हलणार नाही. स्पर्धेत पडणारी प्रथिनंच पुढे न्या. ही संख्या बऱ्याचदा दहा-वीसच्या आत येते आणि डोकं शांत होतं. फक्त भार बघून चिकटणारंही मोकळ्या पेप्टाइडपुढे पडू शकतं, म्हणून विस्कटलेलं पेप्टाइड स्पर्धेतही वापरून बघा.

काही नावं तर डोळे मिटून ओळखता आली पाहिजेत. केराटिन तुमच्या कातडीचं. ट्युब्युलिन, अ‍ॅक्टिन, रायबोसोमची प्रथिनं आणि हीट शॉक प्रथिनं कुठल्याही लग्नात जेवायला बसतात. स्ट्रेप्टाव्हिडिन वापरत असाल तर पायरुव्हेट कार्बॉक्सिलेझ आणि त्याची भावंडं हमखास येतात, कारण त्यांच्यावर पेशीनेच बायोटिन लावलेला असतो. क्रॅपोम नावाचा एक सार्वजनिक संग्रह आहे, त्यात अशा नेहमीच्या भुरट्यांची नोंद सापडते. यादी तिथून एकदा गाळून घ्या, पण तिथे नाव आहे म्हणजे ते खरं बसणारं नसणारच असंही धरू नका.

तीन स्वतंत्र पुनरावृत्ती हव्यातच. स्वतंत्र म्हणजे वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या पेशी, एकच लायसेट तीन ट्यूबमध्ये ओतणं नव्हे. जमलं तर सिलॅकसारखं (प्रथिनांत जड अमिनो आम्लं घालून खूण करणारं) लेबल वापरून स्पर्धेचा आणि बिनस्पर्धेचा नमुना एकत्र करा, म्हणजे दोन्ही एकाच वेळी यंत्रातून जातात आणि यंत्राच्या लहरीचा प्रश्न मिटतो.

फोटो-क्रॉसलिंकिंग कधी करायचं?

बंध सैल असेल, किंवा डिटर्जंटमध्ये तो मोडत असेल तेव्हा. कल्पना सरळ आहे: पेप्टाइड जिवंत पेशीवर आपल्या जागी बसू द्या, मग प्रकाश टाकून कायमचं डकवा. त्यानंतर कितीही कडक वॉश द्या, एसडीएससारखा कडक डिटर्जंट वापरा, ते सुटणार नाही. डिटर्जंटचं सगळं दुखणं एका फटक्यात जातं.

त्यासाठी पेप्टाइडमधल्या एका अमिनो आम्लाच्या जागी बेन्झॉइलफेनिलअ‍ॅलनिन बसवतात, किंवा डायअ‍ॅझिरिन गट जोडतात. बेन्झोफिनोन 350 ते 365 नॅनोमीटरच्या प्रकाशात जागं होतं. जोडीदार मिळाला नाही तर ते परत शांत होतं आणि पुन्हा जागं करता येतं, म्हणून उत्पन्न बरं येतं. मात्र त्याला मेथिओनिन फार आवडतं, तेव्हा जोड नेमका कुठे झाला यावरून फार बारीक निष्कर्ष काढू नका. डायअ‍ॅझिरिन आकाराने छोटं, त्यामुळे पेप्टाइडच्या बसण्यात कमी अडथळा. पण ते क्षणात पाण्याशीच संसार थाटतं आणि उत्पन्न घटतं.

पेशी बर्फावर ठेवून प्रकाश टाका. बर्फामुळे रिसेप्टर आत ओढला जात नाही आणि दिव्याच्या उष्णतेने पेशी शिजतही नाहीत. तीन तुलना ठेवा: प्रकाश नाही, स्पर्धेचं पेप्टाइड आहे, आणि रिसेप्टर नसलेली पेशी.

जिवंत पेशीवरच पकडायची दुसरी काही सोय आहे का?

आहे. 2012 साली ट्रायसेप्स नावाचा तीन हातांचा रेणू आला. एक हात लिगंडच्या अमिनो गटाला धरतो. दुसरा, पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांची साखर पेरिआयोडेटने हलकीशी ऑक्सिडाइझ केली की, त्या साखरेला धरतो. तिसऱ्यावर बायोटिन. रिसेप्टरची साखर लिगंडच्या जवळ आली की जोड होतो. यात पृष्ठभागावरची प्रथिनंच पकडली जातात, त्यामुळे यादी आपोआप छोटी होते.

छोट्या पेप्टाइडांना मात्र जपून. एन्केफॅलिनमध्ये मोकळा अमिनो गट एकच, तोही कामाचा. तिथे हा हात लावला तर आधी सांगितलेली लाख पुन्हा ओतली गेली.

रिसेप्टर जीपीसीआरच असणार असं वाटतं. मग पुल-डाउन कशाला?

करूच नका. असा संशय पक्का असेल तर उमेदवार एकेक करून तपासणं जास्त सोपं आहे, आणि खरं सांगायचं तर न्यूरोपेप्टाइडांच्या जोड्यांपैकी बऱ्याच याच वाटेने सापडल्या.

माणसाच्या जीनोममध्ये 800 च्या आसपास जीपीसीआर आहेत, त्यांतले निम्मे वासाचे. उरलेल्यांत ज्यांचा लिगंड माहीत नाही त्यांना अनाथ रिसेप्टर म्हणतात. अनाथ रिसेप्टर पेशीत बसवायचा, त्यावर ऊतीचा अर्क टाकायचा आणि ज्या भागाने प्रतिसाद दिला तो शुद्ध करत जायचं. 1995 साली दोन गटांनी असंच 17 अमिनो आम्लांचं नोसिसेप्टिन शोधलं. दुसऱ्या गटाने त्याला ऑर्फॅनिन एफक्यू म्हटलं: अनाथाचं म्हणून ऑर्फॅनिन, आणि पहिलं अमिनो आम्ल एफ, शेवटचं क्यू. 1998 साली ओरेक्सिन याच पद्धतीने हाती आलं, आणि 2014 साली त्याचे दोन्ही रिसेप्टर अडवणारं झोपेचं औषध अमेरिकेत मंजूर झालं.

तुमच्याकडे पेप्टाइड आहे आणि रिसेप्टर हवा, तर हेच उलट करा. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या प्रेस्टो-टँगो या संचात 300 हून अधिक मानवी जीपीसीआर तयार मिळतात. रिसेप्टर चालू झाला की बीटा-अरेस्टिन नावाचं प्रथिन त्याच्याकडे येतं आणि पेशी चमकते. सी. एलेगन्स या सूत्रकृमीत तर सगळी पेप्टाइडं सगळ्या रिसेप्टरांवर टाकून पाहण्याचा खटाटोप झाला आणि 2023 साली 461 जोड्या जाहीर झाल्या. या वाटेची मर्यादा एकच: उमेदवारांच्या यादीत जो नाही तो कधीच सापडणार नाही. एन्झाइम, वाहक, चॅनेल हे सगळे इथे अदृश्य राहतात.

रिसेप्टरचा जनुक पेशीत घातला, तरी पेप्टाइड बांधलं जात नाही. म्हणजे उमेदवार चुकीचा?

लगेच तसं म्हणू नका. सीजीआरपीची गोष्ट इथे कायम लक्षात ठेवावी अशी आहे. 37 अमिनो आम्लांच्या या पेप्टाइडचा संशयित रिसेप्टर, सीएलआर, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच हातात होता. पण बहुतेक पेशींत घातला की तो सीजीआरपीला ओळखही देईना. 1998 साली कोडं उलगडलं: त्याला रॅम्प1 नावाचं एक छोटं, पटलातून एकदाच जाणारं जोडीदार प्रथिन लागतं. ते असेल तरच सीएलआर पृष्ठभागावर येतो आणि सीजीआरपीला धरतो. गंमत म्हणजे रॅम्प1 च्या जागी रॅम्प2 दिलं की तोच सीएलआर अ‍ॅड्रेनोमेड्युलिनचा रिसेप्टर होतो. आज अर्धशिशीवर दिली जाणारी अ‍ॅन्टिबॉडी एरेन्यूमॅब सीएलआर आणि रॅम्प1 या जोडीवर बसते.

म्हणून जनुक घातल्यावर आधी प्रथिन पृष्ठभागावर आलंय का ते बघा. नसेल तर जिथे बंध दिसला होता त्या मूळ पेशीत आणखी कोणती प्रथिनं आहेत याकडे वळा. पुल-डाउनचा खरा फायदा इथे दिसतो, कारण त्यात जोडीदारही सोबत वर येतो.

अल्फाफोल्डने (प्रथिनांचा आकार वर्तवणाऱ्या संगणकीय प्रणालीने) पेप्टाइड आणि रिसेप्टरची जोडी जुळवून दाखवली. पुरे ना?

सुतावरून स्वर्ग गाठू नका. उमेदवारांची क्रमवारी लावायला ते उत्तम आहे. पन्नास अनाथ रिसेप्टरांतून आधी कोणते पाच तपासायचे हे ठरवायला मी वापरतो. पण बंध किती घट्ट आहे हे त्यातून कळत नाही. तिथेही विस्कटलेलं पेप्टाइड देऊन बघा; तेही तितक्याच आत्मविश्वासाने खिशात बसलेलं दिसलं, तर काय समजायचं ते समजा.

"हेच ते प्रथिन" असं कधी म्हणता येईल?

माझ्या लेखी किमान चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. शुद्ध प्रथिनावर किंवा ते मुद्दाम बसवलेल्या पेशीवर मोजलेला केडी मूळ ऊतीतल्या केडीशी जुळतो. ज्या नातेवाईक पेप्टाइडांनी मूळ ऊतीत स्पर्धा केली, तीच त्याच क्रमाने इथेही करतात. क्रिस्परने (जनुक कापण्याच्या तंत्राने) तो जनुक काढला की बंध आणि परिणाम दोन्ही जातात. जनुक परत घातला की दोन्ही परत येतात. चौथी गोष्ट लोक टाळतात, कारण तोवर शोधनिबंध लिहून झालेला असतो.

केडी जुळत नसेल तर ते दडपू नका. सबस्टन्स पी आपल्या नेहमीच्या एनके1 रिसेप्टरला नॅनोमोलर पातळीवर धरतं, पण मास्ट पेशींवरच्या (अ‍ॅलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींवरच्या) एमआरजीपीआरएक्स2 या रिसेप्टरला त्याहून कितीतरी जास्त मात्रा लागते. हा दुसरा बंध 2015 पासून गांभीर्याने घेतला जातोय, कारण मज्जातंतूच्या टोकाशेजारी ती मात्रा पोचू शकते. सैल म्हणजे खोटा, असं समीकरण नाही. पण सैल बंधाचा दावा करणाऱ्याने तेवढं पेप्टाइड तिथे खरंच असतं हे दाखवायला हवं.

किरणोत्सारी आयोडीन अजून कुणी वापरतं का?

वापरतात, कारण इतक्या कमी जागा मोजायला त्याच्याइतकं संवेदनशील थोडंच काही आहे. आयोडीन-125 चं अर्धायुष्य साधारण 60 दिवस, त्यामुळे लेबल केलेलं पेप्टाइड दोन-तीन आठवड्यांत वापरून टाकायचं असं नियोजन ठेवा. परवाना आणि प्रशिक्षण नसेल तर फ्लुओरोसंट पेप्टाइड किंवा नॅनोब्रेट (प्रकाशावरून बंध मोजण्याची पद्धत) घ्या. रंगाचा रेणू मात्र कधी कधी पेप्टाइडाएवढाच मोठा असतो, तेव्हा टॅगबद्दल वर लिहिलेलं सगळं इथे दुपटीने लागू.

मार्गदर्शक म्हणतात यादीतलं पहिलं नाव घे आणि नॉकआउट (तो जनुक काढून टाकणं) सुरू कर. काय करू?

त्यांना स्पर्धेच्या प्रयोगाचा आलेख दाखवा. नसेल, तर आधी तो करा. पेशी तयार असतील तर आठवड्याभराचं काम आहे.